नौका उलटल्याचे किनाऱ्याला कळते कधी?

विशेष विश्लेषण

मुंबई : चितगावनजीकच्या समुद्रात १० जुलै २०१९ रोजी एका बांगलादेशी मालवाहू जहाजावरील खलाशांना उसळत्या लाटांमध्ये एक माणूस दिसला. जहाज वळवण्यात आले, जीवरक्षक कडी पाण्यात टाकण्यात आली आणि बऱ्याच प्रयत्नांनंतर त्याला वर घेण्यात यश आले. तो पश्चिम बंगालमधील काकद्वीप भागातला मच्छीमार होता. त्याची नौका काही दिवसांपूर्वी वादळात उलटली होती. साथीदारांनी बांबू आणि इंधनाची पिंपे दोराने एकत्र बांधून त्यांचा आधार घेतला. पण अन्न नाही, पिण्याचे पाणी नाही, अशा स्थितीत एकामागून एकाचे हात सुटत गेले. वाचलेला मच्छीमार पावसाच्या पाण्यावर तग धरून होता. त्याच्या सुटकेची चित्रफीत दोन्ही देशांत मोठ्या प्रमाणावर पाहिली गेली आणि त्याच्या जिद्दीचे कौतुकही झाले.

या कौतुकात एक प्रश्न मात्र मागे पडला. सुरुवातीला अनेक जण जिवंत होते, नौकेवरच्या साहित्यातून तराफा उभा करण्याइतके सावध होते, तर मधल्या दिवसांत त्यांच्यापर्यंत कोणी का पोहोचले नाही? भारतीय किनाऱ्यावर दरवर्षी घडणाऱ्या अशा दुर्घटनांचे मर्म या प्रश्नात आहे. नौका उलटणे हा अपघात असतो. त्यानंतरचे मृत्यू मात्र पुष्कळदा विलंबाचे असतात. पाण्यात पडलेला मच्छीमार आपल्या कौशल्याने जगण्याची मुदत वाढवत असतो. ती मुदत संपण्यापूर्वी किनाऱ्याला खबर लागते की नाही, यावर सारे अवलंबून राहते.

नौका का उलटते?

मासेमारी नौकेचा तोल हा सतत बदलणारा हिशेब आहे. बंदरातून निघताना बर्फ आणि डिझेलचा भार तळाशी असतो. परतीच्या वेळी डिझेल संपत आलेले असते आणि ओली जाळी व मासळी वरच्या फळीवर साठलेली असते. म्हणजेच वजन तळाकडून वर सरकलेले असते. अशा वेळी लाट फळीवर चढली आणि पाणी बाहेर जाण्याच्या वाटा जाळ्यांनी अडल्या, तर ते पाणी नौका कलेल त्या बाजूला धावते आणि तिला आणखी कलवते. समुद्रतळाशी अडकलेले जाळे यंत्राने जोर लावून ओढतानाही नौका एका बाजूला खेचली जाते. पाठीमागून आलेल्या मोठ्या लाटेने नौका आडवी फिरवली, तर पुढची लाट तिला उलथवण्यास पुरेशी ठरते. हे सारे काही क्षणांत घडते. बिनतारी संच केबिनमध्ये, जीवरक्षक जाकिटे फळीखाली आणि मोबाइल कोणाच्या तरी पिशवीत असतो. नौका उलटताच या तिन्ही वस्तू पाण्याखाली जातात.

त्यासाठी खोल समुद्रच लागतो असेही नाही. केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात मुतलप्पोळी येथील मासेमारी बंदराच्या मुखाशी वाळूचे थर आणि फुटणाऱ्या लाटा यांमुळे नौका वारंवार उलटल्या असून अनेकांचे प्राण गेले आहेत. गाळाने भरत चाललेल्या खाड्यांमधून ये-जा करणाऱ्या कोकणातील मच्छीमारांनाही हा धोका अपरिचित नाही. रायगड जिल्ह्यात २६ जुलै २०२५ रोजी खांदेरीजवळ आठ जणांची नौका उलटली. त्यांपैकी पाच जण कित्येक तास पोहून किनाऱ्याला लागले. तिघांना किनारा गाठता आला नाही. ही घटना मुंबईपासून फार दूर, एखाद्या निर्जन समुद्रात घडली नव्हती. तरीही बुडणाऱ्यांना आपली खबर आपणच पोहत जाऊन द्यावी लागली.

पाण्यातील घड्याळ

नौका उलटल्यानंतर जगण्याचे काही नियम मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. पहिला नियम असा, की किनारा नजरेच्या टप्प्यात नसेल तर नौका सोडायची नाही. लाकडी सांगाडा, किंवा फायबरच्या नौकेत कोंडलेली हवा, उलट्या स्थितीतही काही काळ तरंगत राहते. शोध घेणाऱ्या विमानाला लाटांमधले माणसाचे डोके दिसणे जवळजवळ अशक्य असते. उलटलेला तळ मात्र दिसू शकतो. दुसरा नियम एकमेकांना धरून राहण्याचा. दोराने बांधून घेतलेली माणसे पांगत नाहीत आणि झोपेची गुंगी आलेल्याला दुसरा जागे ठेवतो.

शरीराची मर्यादा मात्र ठरलेली असते. अरबी समुद्र किंवा बंगालचा उपसागर उबदार समजला जातो. पण त्याचे पाणीही मानवी शरीराच्या ३७ अंश सेल्सिअस तापमानाहून थंडच असते. हवेच्या तुलनेत पाणी शरीराची उष्णता सुमारे २५ पट वेगाने खेचून घेते. त्यामुळे उबदार समुद्रातही अनेक तासांनंतर अंग गारठू लागते, बोटांची पकड ढिली पडते आणि विचार विस्कळीत होतात. दिवसा डोक्यावर कडक ऊन असते आणि खाऱ्या पाण्याने त्वचा सोलवटून निघते.

सर्वांत मोठा शत्रू तहान. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मूत्रपिंडे इतक्या तीव्रतेचे क्षार बाहेर टाकू शकत नाहीत. ते टाकण्यासाठी प्यायलेल्या पाण्याहून अधिक पाणी शरीराला खर्च करावे लागते. म्हणून समुद्राचे पाणी पिणारा माणूस अधिकच कोरडा पडतो. पुढे भ्रम होऊ लागतात. नसलेले दिवे आणि नसलेला किनारा दिसू लागतो, आणि त्या दिशेने निघालेला माणूस परत येत नाही. पाऊस पडला आणि सदरा पिळून चार घोट मिळाले, तर ही मुदत वाढते. काकद्वीपच्या मच्छीमाराच्या बाबतीत नेमके हेच घडले. मात्र पावसाच्या भरवशावर कोणतीही बचावयंत्रणा उभी राहू शकत नाही.

ओखीने शिकवलेला धडा

विलंबाची किंमत देशाला सर्वाधिक तीव्रतेने जाणवली ती नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस आलेल्या ओखी चक्रीवादळात. श्रीलंकेनजीक २९ नोव्हेंबरला तयार झालेला कमी दाबाचा तीव्र पट्टा अवघ्या एका दिवसात, ३० नोव्हेंबरला, कन्याकुमारीजवळच्या समुद्रात चक्रीवादळात परिवर्तित झाला. पुढे अरबी समुद्रात त्याची तीव्रता आणखी वाढली आणि वाऱ्यांचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास गेला. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, असा इशारा त्यापूर्वी दिला गेला होता. चक्रीवादळाचा स्पष्ट इशारा मात्र ३० तारखेलाच आला. तोवर छोट्या फायबर नौका नेहमीप्रमाणे बाहेर पडल्या होत्या. कन्याकुमारी जिल्ह्यातील तुत्तूर परिसराच्या मोठ्या नौका तर कित्येक दिवसांपूर्वीच खोल समुद्रात गेलेल्या होत्या. ‘जाऊ नका’ हा इशारा गेलेल्यांसाठी निरुपयोगी होता, आणि ‘परत या’ असे सांगण्याचे साधन कोणाकडेच नव्हते. किनाऱ्यापासून काही किलोमीटरनंतर मोबाइलचा संपर्क तुटतो. त्यापलीकडच्या नौकांशी बिनतारी संचावरून होणारे बोलणे मुख्यतः नौकेकडून नौकेकडे, तेही मर्यादित अंतरापर्यंतच होते.

तमिळनाडू आणि केरळमधील तीनशेहून अधिक मच्छीमार या वादळात मृत्युमुखी पडले किंवा कायमचे बेपत्ता झाले. अनेकांनी उलटलेल्या नौकांना धरून दिवस आणि रात्री काढल्या. काहींना नौदल आणि तटरक्षक दलाने वाचवले, काहींना व्यापारी जहाजांनी, तर काहींना स्वतःच शोधाला निघालेल्या मच्छीमारांनी.

याच वादळाची दुसरी बाजू महाराष्ट्राने पाहिली. वाऱ्याबरोबर उत्तरेकडे सरकत आलेल्या ६८ नौका ९५२ मच्छीमारांसह सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर सुखरूप पोहोचल्याचे तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी डिसेंबरच्या प्रारंभी जाहीर केले. त्यांपैकी ६६ नौका केरळच्या आणि दोन तमिळनाडूच्या होत्या. ही बातमी दिलासा देणारी होती. पण तिने यंत्रणेतील पोकळीही उघडी केली. जवळपास एक हजार माणसे जिवंत आहेत की नाहीत, हे ती दुसऱ्या राज्याच्या बंदराला लागेपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. कोणती नौका कोणत्या दिवशी, किती माणसे घेऊन निघाली, याची पक्की नोंद नसल्याने बेपत्ता व्यक्तींच्या आकड्यांवर सरकार आणि मच्छीमार संघटना यांच्यात कित्येक आठवडे वाद सुरू राहिला.

उपकरणे आली, पण...

ओखीनंतर बदल झाले नाहीत असे म्हणता येणार नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने ‘जेमिनी’ नावाचे उपकरण सादर केले. मोबाइलचा संपर्क नसलेल्या समुद्रातही हवामानाचे इशारे उपग्रहामार्फत नौकेपर्यंत पोहोचवण्याची सोय त्यात होती. हा संवाद मात्र एकतर्फी होता. नौकेला किनाऱ्याशी बोलता येत नव्हते. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने विकसित केलेले संकटसूचक प्रक्षेपक उलट दिशेने काम करतात. कळ दाबताच नौकेचे स्थान बचाव केंद्राला कळते. त्याच्या सुधारित आवृत्तीत संदेश मिळाल्याची पोचही नौकेला दिली जाते. पोच मिळाल्याने माणसे नौका सोडून पोहत निघण्याऐवजी थांबून राहतात, एवढ्यानेही फरक पडतो.

पुढचे पाऊल म्हणजे दुतर्फा संपर्क साधणारे ट्रान्सपॉन्डर. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे या राष्ट्रीय योजनेचा प्रारंभ केला. १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील यांत्रिक व मोटरचलित अशा एक लाख नौकांवर सुमारे ३६० कोटी रुपये खर्चून हे संच टप्प्याटप्प्याने बसवण्याचे उद्दिष्ट आहे. अनन्य आर्थिक क्षेत्रातील मासेमारीसाठी नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांतही ट्रान्सपॉन्डर आणि मच्छीमारांच्या ओळखपत्रांवर भर देण्यात आला आहे.

तरीही तीन उणिवा शिल्लक राहतात. पहिली संख्येची. देशातील नोंदणीकृत मासेमारी नौका दोन लाखांहून अधिक आहेत. म्हणजे उद्दिष्ट पूर्ण झाले तरी निम्म्याहून अधिक नौका बाहेरच राहतील आणि त्यांत लहान नौकांचा भरणा असेल. यापूर्वीही असेच घडले होते. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यासाठी एका मासेमारी नौकेचा वापर झाल्यानंतर २० मीटरहून लांब नौकांना स्वयंचलित ओळख यंत्रणा सक्तीची करण्यात आली. त्या व्यवस्थेचा मुख्य हेतू सुरक्षेचा होता, आणि कमी लांबीच्या असंख्य नौका तिच्या कक्षेत आल्या नाहीत.

दुसरी उणीव तांत्रिक आहे. नौकेवर पक्का बसवलेला संच नौकेबरोबरच उलटतो. अँटेना पाण्याखाली गेली की उपग्रहाशी संपर्क संपतो, आणि कळ दाबण्याएवढी उसंत मिळालेली नसते. व्यापारी जहाजांवर पाण्याच्या दाबाने आपोआप सुटून तरंगणारे आणि स्वतःहून संकटसंदेश पाठवणारे संच असतात. ३०० टन व त्याहून अधिक स्थूल भाराच्या मालवाहू जहाजांना जागतिक सागरी संकट व सुरक्षा व्यवस्थेनुसार संकटसंदेशाची साधने बंधनकारक आहेत. मासेमारी नौका या चौकटीबाहेर राहतात. जाकिटाला अडकवता येणारे छोटे वैयक्तिक संकेतक उपलब्ध आहेत. परंतु त्यांची किंमत रोजंदारीवर किंवा मासळीच्या हिश्शावर काम करणाऱ्या खलाशाला परवडणारी नाही.

तिसरी उणीव माणसांची आहे. संच गप्प झाला तर ते कोणाच्या लक्षात येणार? एखाद्या नौकेचा ठिपका पडद्यावरून नाहीसा होणे, हाच धोक्याचा इशारा मानून ठरावीक वेळेत तांडेलाशी, मालकाशी आणि जवळच्या नौकांशी संपर्क साधणारी चोवीस तासांची व्यवस्था प्रत्येक किनारी जिल्ह्यात असल्याशिवाय ट्रान्सपॉन्डरचा अर्धाच उपयोग होईल.

शोधाचे गणित

तटरक्षक दलाकडे सुमारे ४६ लाख चौरस किलोमीटर समुद्रातील शोध आणि बचावाचे समन्वयन आहे. मुंबई, चेन्नई आणि श्री विजयपुरम येथील सागरी बचाव समन्वय केंद्रे हे काम पाहतात. मदतीसाठी १५५४ हा क्रमांक आहे. हैदराबादमधील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राने ‘सारत’ नावाची संगणकीय प्रणाली विकसित केली आहे. वारे आणि प्रवाह यांच्या आधारे, हरवलेली व्यक्ती किंवा नौका वाहत कोठे गेली असेल याचा अंदाज ती देते. मात्र या प्रणालीला दोन गोष्टी सांगाव्याच लागतात : शेवटचे ठाऊक असलेले स्थान आणि वेळ.

यातील वेळेचे महत्त्व साध्या गणिताने समजते. वाहून जाणाऱ्या नौकेच्या स्थानाची अनिश्चितता ताशी दोन किलोमीटरने वाढते असे धरले, तर तीन तासांनी सुमारे ११३ चौरस किलोमीटर क्षेत्र धुंडाळावे लागेल. चोवीस तासांनी हेच क्षेत्र सात हजार चौरस किलोमीटरच्या पुढे जाते. वेळ आठपट झाला की शोधक्षेत्र चौसष्टपट होते. विमाने आणि जहाजे मात्र तेवढ्या पटीने वाढत नाहीत. म्हणून उशिरा सुरू झालेला शोध कितीही मोठा असला, तरी लवकर सुरू झालेल्या छोट्या शोधाची बरोबरी तो करू शकत नाही.

जाकीट फळीखाली का राहते?

प्रत्येक दुर्घटनेनंतर मच्छीमारांनी जीवरक्षक जाकीट घातले नव्हते, असा ठपका ठेवला जातो. त्यात तथ्य असले तरी ते अर्धेच आहे. फोमची जाडजूड जाकिटे घालून उकाड्यात तासन्‌तास जाळे ओढणे कठीण असते. त्यांचे पट्टे जाळ्यात अडकले तर माणूस जाळ्याबरोबर पाण्यात ओढला जाण्याची भीती असते. तपासणीपुरती जाकिटे नौकेवर असतात आणि पुन्हा फळीखाली जातात. हलकी, पाण्यात पडल्यावर फुगणारी आणि कामात अडथळा न आणणारी जाकिटे अनुदानावर मिळाली, तर ती अंगावर राहण्याची शक्यता अधिक आहे. मच्छीमाराच्या कामाची रीत लक्षात न घेता आखलेली सुरक्षा कागदावरच राहते.

खलाशांच्या बदलत्या स्वरूपाचाही येथे विचार व्हायला हवा. पश्चिम किनाऱ्यावरील अनेक नौकांवर आज परप्रांतीय मजूर काम करतात. आंध्र प्रदेशातील श्रीकाकुलमचे मच्छीमार गुजरातच्या वेरावळपर्यंत जातात. रत्नागिरीच्या नौकांवर नेपाळमधील तरुण दिसतात. समुद्रकाठी न वाढलेल्यांपैकी काहींना पोहताही येत नाही. त्यांची नावे, गावे आणि नातेवाइकांचे क्रमांक किनाऱ्यावर नोंदलेले नसतील, तर दुर्घटनेनंतर किती जण हरवले हेही खात्रीने सांगता येत नाही.

बेपत्ता माणसाचे कुटुंब

नौका उलटल्यानंतरची झुंज किनाऱ्यावरही सुरू असते. मृतदेह सापडला नाही तर मृत्यूचा दाखला मिळत नाही. दाखल्याविना विमा, अर्थसाहाय्य, विधवा निवृत्तिवेतन, बँकेतील पैसे हे सारे अडून राहते. सात वर्षे ठावठिकाणा न लागलेली व्यक्ती मृत समजण्याची तरतूद पूर्वीच्या पुरावा कायद्यात होती आणि भारतीय साक्ष अधिनियमातही ती कायम आहे. ओखीनंतर केरळ आणि तमिळनाडू सरकारांनी विशेष निर्णय घेऊन ही प्रतीक्षा टाळली आणि बेपत्ता मच्छीमारांच्या कुटुंबांनाही वीस लाख रुपयांचे साहाय्य दिले. पण तो निर्णय मोठ्या आपत्तीपुरता होता. चार-पाच जणांची एखादी नौका हरवते, तेव्हा त्या घरांच्या वाट्याला बहुधा कार्यालयांचे हेलपाटे येतात. केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेतील अपघात विम्यात मृत्यूसाठी पाच लाख रुपयांची तरतूद आहे. तिचा लाभही नोंदणी आणि पुराव्यावरच अवलंबून असतो.

मासेमारी हा जगातील सर्वाधिक धोकादायक व्यवसायांपैकी एक आहे. या क्षेत्रात वर्षाला सुमारे २४ हजार मृत्यू होतात, असा अंदाज पूर्वी मानला जात असे. ‘फिश सेफ्टी फाउंडेशन’च्या २०२२ मधील अभ्यासाने हा आकडा एक लाखाहून अधिक असल्याचे मांडले. अंदाजांतील हे अंतरच सांगते, की यांतील बहुसंख्य मृत्यूंची नोंद कोठेच होत नाही.

पावसाळी बंदी उठली, की नारळी पौर्णिमेच्या सुमारास पश्चिम किनाऱ्यावरील हजारो नौका पुन्हा समुद्रात उतरतात. वादळे थांबवता येणार नाहीत आणि प्रत्येक नौकेचे उलटणेही टाळता येणार नाही. निघताना माणसांची यादी बंदरावर ठेवणे, उलटल्यावरही तरंगत राहणारा संकेतक देणे, नौका गप्प झाल्यास त्याच तासात विचारणा करणे आणि अंगावर राहील असे जाकीट पुरवणे, ही कामे मात्र प्रशासनाच्या आवाक्यातील आहेत. बांबू आणि पिंपांचा तराफा बांधून मच्छीमार कित्येक तास, प्रसंगी कित्येक दिवस, जिवंत राहू शकतो हे काकद्वीपच्या घटनेने दाखवले आहे. त्या अवधीत त्याच्यापर्यंत पोहोचण्याची जबाबदारी किनाऱ्याची आहे.